सामाजिक शास्त्राच्या तासाला डॉ. झाकिर हुसेन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आपल्या बॅचच्या बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्याचं कळलं. स्नेहसंमेलन, सहली, पावसात गळणारा आठवीचा वर्ग, गुरुजींच्या छड्या, हे सगळं कुणी ना कुणी लिहिणारच आहे. म्हणून मी वेगळा विषय घेतला. आपल्या सिंदी मेघेच्या शाळेतून बाहेर पडून, बी.एड. करून मी सत्तावीस वर्षं माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवली. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. इतक्या वर्षांत ज्या एका माणसाचं आयुष्य वर्गात माझ्या सर्वांत जास्त कामी आलं, त्याच्याबद्दल लिहिते. आपल्याला हा विषय शिकवणारे गुरुजन हे वाचतील, हीही मनात एक लालूच आहे.

डॉ. झाकिर हुसेन हे नाव वर्गात घेतलं की पोट्टे बाकावर तबला वाजवायला लागतात. दरवर्षी हे व्हायचं. मग सांगावं लागायचं, की बाबांनो, ते वेगळे. हे भारताचे तिसरे राष्ट्रपती. पण राष्ट्रपती ही त्यांची शेवटची ओळख झाली, आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाची. त्याआधीची जवळजवळ सगळी वर्षं हा माणूस मास्तर होता. आणि आपण ज्याला सामाजिक शास्त्र म्हणतो, तो इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र एकत्र बांधलेला विषय देशभरच्या गावातल्या पोरांपुढे ठेवण्याचा आराखडा ज्या समितीने केला, तिचे ते अध्यक्ष होते. ती समिती बसली कुठे? आपल्या वर्ध्यात. सिंदी मेघेहून सायकलने जाता येईल इतक्या जवळ. दहावीपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बी.एड.लाही नाही. नोकरी लागल्यावर एका जुन्या पुस्तकात वाचलं.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं, पठाणांचं. वडील हैदराबादेत नावाजलेले वकील. पण झाकिर दहा वर्षांचे असताना वडील गेले, आणि त्यानंतर चारच वर्षांत प्लेगने आईही गेली. सात भाऊ. शिक्षण इटावाच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये, वसतिगृहात राहून. तिथल्या मुख्याध्यापकांचा त्यांच्यावर फार प्रभाव पडला असं ते पुढे सांगत. आईबाप नसलेल्या पोराला मास्तर काय असू शकतो, हे त्यांना कुठल्या ग्रंथात वाचावं लागलं नाही.

पुढे ते अलीगढच्या कॉलेजात गेले. १९२० साली असहकाराची हाक आली तेव्हा ते एम.ए. आणि वकिलीचं शिक्षण एकदम करत होते, थोडं शिकवतही होते. वय तेवीस. सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडा, असं सांगितलं गेलं, आणि सोडणाऱ्या विद्यार्थ्यांत हे पुढे होते. सोडायचं तर जायचं कुठे, म्हणून त्यांनी आणि इतरांनी मिळून २९ ऑक्टोबर १९२० ला अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभी केली. शाळा-कॉलेजावर बहिष्कार घालणारे तेव्हा पुष्कळ निघाले. बहिष्कारानंतर दुसऱ्या दिवशी घंटा वाजवून वर्ग भरवणारे थोडे, आणि ती घंटा पंचवीस-तीस वर्षं वाजवत राहणारे त्याहून थोडे.

१९२२ ला ते जर्मनीला गेले. बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, विषय ब्रिटिश हिंदुस्थानातली शेती. पण तिथे त्यांनी ग्रंथालयाइतकाच वेळ शाळांमध्ये घालवला असावा. जर्मनीत तेव्हा केर्शेनस्टायनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाचा विचार गाजत होता. मुलाच्या हाताला काम द्या, ते काम नीट करताना त्याची बुद्धी आणि चारित्र्य दोन्ही घडतं, असा त्याचा गाभा. झाकिर हुसेन यांनी हा विचार मनापासून घेतला. आणि नुसता घेतला नाही. बर्लिनच्या एका छापखान्यात गालिबच्या उर्दू काव्यसंग्रहाची देखणी छोटी आवृत्ती छापायची होती, तर या डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाने स्वतः उभं राहून टाइप जुळवला. ही गोष्ट मला फार आवडते. हाताच्या कामावर व्याख्यान देणारे पुष्कळ भेटतात, बोटं काळी झालेले कमी.

इकडे जामिया अलीगढहून दिल्लीला करोलबागेत आली होती आणि पैशावाचून बंद पडायच्या बेतात होती. जर्मनीहून यांनी कळवलं की आम्ही येतोय, तोवर बंद करू नका. १९२६ ला आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या दोन मित्रांना घेऊन ते परतले आणि कुलगुरू झाले. वय एकोणतीस. पुढे हकीम अजमल खान वारले, देणग्या आटल्या. तेव्हा या शिक्षकांनी मिळून लिहून दिलं की वीस वर्षं इथेच काम करू आणि महिन्याला दीडशे रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात झाकिरसाहेब त्याहूनही कमी घेत, आणि तोही वेळेवर मिळेल याचा नेम नव्हता. विनाअनुदान तुकड्यांवर वर्षानुवर्षं राबलेले आपल्यातले शिक्षक हे वाचताना मनात काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. एवढंच सांगते, की तिथे कुलगुरूचा पगारही त्याच रांगेत अडकायचा.

त्यांचे दोन प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिला बुटांचा. मुलांनी बूट पुसून, टोपी धुऊन यावं असं सांगूनही पोरं ऐकेनात, तेव्हा एके सकाळी कुलगुरू स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या पोरांचे बूट पुसायला लागले, असं सांगतात. पोरं ओशाळली, दुसऱ्या दिवसापासून बूट चमकायला लागले. दुसरा प्रसंग मी वर्गात कधी सांगू शकले नाही. प्राथमिकच्या मुलांना ते मिठाई वाटत होते. घरून निरोप आला की धाकटी मुलगी, तीन वर्षांची, फार आजारी आहे, आणि थोड्या वेळाने कुणी तरी येऊन कानात सांगितलं की ती गेली. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलाला मिठाई देऊन झाल्यावरच ते घरी गेले. पोरं एवढी खुशीत होती, त्यांचा आनंद मोडवला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. हे बरोबर की चूक, यावर मी घरी यजमानांशी दोनदा वाद घातला आहे. मुलीच्या आईचं काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

१९३५ च्या १ मार्चला दिल्लीबाहेर ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. मोठे पाहुणे हजर होते. दगड मात्र शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून बसवून घेतला.

आता वर्धा. १९३७ साली प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. गांधीजी तेव्हा आपल्या शेगावला राहत होते. ते गाव पुढे, बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होतो म्हणून, १९४० साली सेवाग्राम झालं. (सिंदी मेघेची पत्रं सिंदी रेल्वेला जाऊन परत यायची, ते आठवतं ना? आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही.) वर्ध्यात जमनालालजी बजाज यांच्या मारवाडी शिक्षण मंडळाची शाळा होती, नवभारत विद्यालय. त्या शाळेचा रौप्यमहोत्सव करायचा होता. मंडळाचे चिटणीस श्रीमन्नारायण यांनी त्या निमित्ताने देशभरच्या शिक्षणतज्ज्ञांना बोलवायचं ठरवलं आणि गांधीजींनी अध्यक्ष व्हायचं कबूल केलं. म्हणजे बघा, देशाच्या शिक्षणाची दिशा बदलू पाहणारी ती वर्धा शिक्षण परिषद भरली ती एका शाळेच्या महोत्सवाच्या मांडवात. आपण आपल्या मेळाव्यात जेवणाच्या मेन्यूवर तीन बैठका घेतल्या, हे कुणाला टोचून म्हणत नाही, बैठकीत मीही होते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ असे दोन दिवस परिषद चालली. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर, आपल्या मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल असे मंत्री आले. विनोबा, काका कालेलकर, मगनवाडीचे कुमारप्पा, किशोरलाल मश्रूवाला, कृष्णदास जाजू, शाळेचे प्रमुख आर्यनायकम् आणि आशादेवी ही इथलीच मंडळी होती. गांधीजींनी कल्पना मांडली: सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उत्पादक हस्तउद्योगाभोवती गुंफलेलं, आणि मुलांनी केलेल्या मालातून निदान शिक्षकाचा पगार निघावा.

बहुतेक जण भारावले असणार. झाकिर हुसेन उठले आणि त्यांनी दोन गोष्टी सरळ सांगितल्या. एक, हाताच्या कामातून शिकवणं ही शिक्षणशास्त्रात अगदी नवी गोष्ट नाही, जगात ते प्रयोग झालेले आहेत. दोन, शाळेने स्वतःचा खर्च भागवलाच पाहिजे यावर जोर दिला, तर मास्तर मुलांकडून काम उपसून घेणारा मुकादम होईल. गांधीजींच्या समोर, गांधीजींच्या गावात हे बोलायला छाती लागते. आणि त्यानंतर जे झालं ते आजच्या कुठल्याही सभेत होईल असं मला वाटत नाही. तपशीलवार आराखडा करायला समिती नेमली तेव्हा तिचं अध्यक्षपद या शंका घेणाऱ्यालाच दिलं.

२ डिसेंबर १९३७ ला, म्हणजे सहा आठवड्यांत, अहवाल तयार. त्यात झाकिरसाहेबांनी आपली भीती लिहूनच ठेवली, की पैशाची बाजू वर आली तर शिक्षणाची बाजू मरेल. आणि त्यातच आपला विषय आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि चालू घडामोडी एकत्र करून सामाजिक अभ्यास. राजे आणि लढाया कमी करून माणसं कशी जगली, एकमेकांच्या साहाय्याने कशी पुढे आली ते सांगायचं. सुरुवात मुलाच्या घरापासून आणि गावापासून, मग दूरदेशीची माणसं. गावाचा नकाशा काढायचा, पंचायत कशी चालते ते बघायचं, सगळ्या धर्मांबद्दल आदर ठेवायचा, आणि आजूबाजूचं जे वाईट आहे ते सुधारायची ओढ मुलात निर्माण करायची.

गंमत म्हणजे वेळापत्रक. शाळा साडेपाच तासांची. त्यात हस्तउद्योगाला तीन तास वीस मिनिटं, आणि सामाजिक अभ्यास व सामान्य विज्ञान या दोघांना मिळून तीस मिनिटं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले. मग लक्षात आलं की त्यांना हा विषय त्या तीस मिनिटांत शिकवायचाच नव्हता. तो त्या तीन तास वीस मिनिटांत, टकळी फिरवताना शिकवायचा होता. एकमेकांत विणलेलं शिक्षण ते हेच.

मी हे करून पाहिलं. आठवी-नववीच्या वर्गात शेतातलं कापसाचं एक बोंड आणायला सांगायचे, आपल्याकडे ते कुणाच्याही घरी मिळतं. ते टेबलावर ठेवून विचारायचे, की हे विकून बापाला किती मिळाले? भाव कोण ठरवतं? मग मागे जायचं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीचा भाव एकाएकी वाढला. वर्धा जिल्हा झाला १८६२ ला. पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवलं १८६६ ला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ ला. या तारखा एका ओळीत फळ्यावर लिहिल्या, की मागच्या बाकावरचा कुणी तरी हमखास म्हणायचा, मॅडम, म्हणजे गाडी आपल्यासाठी नाही, कापसासाठी आली. बस्स. इतिहास, भूगोल आणि राज्यशास्त्र तिन्ही त्या एका बोंडात. परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्राला चाळीस, भूगोलाला चाळीस गुण, वेगळे पेपर, रिकाम्या जागा भरा. ते करावंच लागायचं आणि करून घेतलंही. पण दहा-वीस वर्षांनी बाजारात भेटणारी मुलं रिकाम्या जागेबद्दल बोलत नाहीत, बोंडाबद्दल बोलतात.

१९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजना स्वीकारली, हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्रामला त्याचं काम सुरू झालं. झाकिर हुसेन अध्यक्ष, आर्यनायकम् मंत्री. झाकिरसाहेबांची इकडे ये-जा होत राहिली. पण मुस्लिम लीगने या योजनेवर कडाडून टीका केली आणि तिचा मोठा वाटा त्यांच्या डोक्यावर आला. एकीकडे आपल्याच समाजातल्या पुढाऱ्यांची नाराजी, दुसरीकडे जामियाची रिकामी तिजोरी. ते भांडत बसले नाहीत. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी गोष्टी लिहीत होते. त्यांची अब्बू खानच्या बकरीची गोष्ट आजही उर्दू-हिंदी शाळांतली मुलं वाचतात.

आणखी एक रौप्यमहोत्सव सांगायचा आहे. नोव्हेंबर १९४६, जामियाला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याचा. कलकत्ता, नोआखाली, बिहार सगळीकडे रक्त सांडत होतं. झाकिरसाहेबांनी एकाच व्यासपीठावर नेहरू, मौलाना आझाद, राजाजी आणि जिना, लियाकत अली यांना बसवलं. त्या दिवसांत हे कुणालाच जमलं नव्हतं. आणि समारंभाचं गोड भाषण करण्याऐवजी त्यांनी त्या सगळ्यांना विनवलं, की आग कुणी लावली हा वाद नंतर घाला, आधी ती विझवा, मुलांना वाढवायला निदान माणसांचा देश शिल्लक ठेवा. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले म्हणतात. नऊ महिन्यांनी देश तुटलाच.

ऑगस्ट १९४७ च्या अखेरीस प्रकृतीसाठी ते काश्मीरला निघाले होते. जालंधर स्टेशनावर जमावाने त्यांना घेरलं. ते मारलेच जायचे. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने ओळखून त्यांना वाचवलं. दिल्लीला परत आले तर जामियाभोवतीही तेच. सप्टेंबरात गांधीजी स्वतः ओखल्याला जाऊन भेटले. नंतर हे जालंधरवर न बोलता निर्वासितांच्या छावण्यांत कामाला लागले.

फाळणीचा धडा शिकवणं आपल्या विषयातलं सर्वांत अवघड काम. माझ्या वर्गात पन्नासातली चार-पाच मुलं मुसलमान असायची. एका वर्षी हा धडा चालू असताना त्यातला एक पोरगा वहीत मान घालून बसलेला दिसला. वर बघेचना. पुढच्या बाकांवरून एक-दोघांची मागे वळून नजरही चालू होती. पुस्तकातलं तेवढंच वाचून घंटा होण्याची वाट बघता आली असती. मी पुस्तक मिटलं आणि जालंधरचं स्टेशन सांगितलं, सावकाश, पूर्ण. ते तीन माणसं तीन धर्मांची होती, हे मी सांगितलं नाही, पोरांनीच बोटावर मोजलं. मग विचारलं, की हा वाचलेला माणूस पुढे काय झाला असेल? कुणी म्हणालं पाकिस्तानात गेला. कुणी म्हणालं फौजेत गेला. मी फळ्यावर लिहिलं, भारताचे राष्ट्रपती, १९६७. त्या पोराने मान वर केली. त्यानंतर तो धडा मी नेहमी असाच शिकवला. आज गावागावांत, मोबाइलवर, जे काही पोरांच्या कानावर पडतं ते बघता आता हा धडा तेव्हापेक्षा कठीण झालाय, असं सध्या शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी सांगतात. त्यांना मी हे स्टेशन देऊन ठेवलंय.

पुढचं आयुष्य पदांचं आहे, थोडक्यात सांगते. १९४८ ते १९५६ अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू. फाळणीनंतर ते विद्यापीठ संशयाच्या भोवऱ्यात होतं, ते त्यांनी सांभाळलं. १९५७ ला बिहारचे राज्यपाल, १९६२ ला उपराष्ट्रपती, १९६३ ला भारतरत्न. गुलाब आणि दगडगोटे, जीवाश्म जमवायचा छंद. चंडीगढची गुलाबबाग त्यांच्याच नावाची.

या पदांच्या मधली एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्याला लागू आहे. १९५८ साली पटेल स्मृती व्याख्यानांत त्यांनी बुनियादी शिक्षणाचा हिशेब मांडला. कागदोपत्री हजारो शाळा बुनियादी झाल्या होत्या. कोपऱ्यात चार टकळ्या ठेवायच्या, साहेब आले की फिरवायच्या, बाकी घोकंपट्टी तशीच. हे जे चाललंय ती फसवणूक आहे, असा निवाडा त्यांनी स्वतः दिला. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या सहीने दिलेल्या अहवालाबद्दल, राज्यपालपदावर बसून. १९३७ ला गांधीजींसमोर शंका घेणारा आणि १९५८ ला सरकारसमोर हे बोलणारा माणूस एकच. सेवाग्रामला आश्रमाच्या आवारात २००५ पासून पुन्हा नई तालीमची आनंद निकेतन शाळा चालते. मेळाव्याला बाहेरगावाहून येणाऱ्यांनी बापूकुटी बघून परत फिरू नये, तिकडेही जावं.

१३ मे १९६७ ला ते राष्ट्रपती झाले. सारा भारत माझं घर आणि इथली माणसं माझं कुटुंब, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले. दोन वर्षं पूर्ण होण्याआधीच, ३ मे १९६९ ला, राष्ट्रपती भवनातच हृदयविकाराने गेले. पदावर असताना गेलेले ते पहिले राष्ट्रपती. दफन मात्र नेत्यांच्या समाधीस्थळी झालं नाही. ओखल्याला, जामियाच्या आवारात केलं, जिथे चौतीस वर्षांपूर्वी शाळेतल्या सर्वांत लहान पोराने पायाचा दगड बसवला होता.